रकाना सातवा

गुवाहाटीहून तक्ता आला इंग्रजीत, कर्नालहून हिंदीत.
मी दोन्ही जुळवून मराठीत टंकला
तेव्हा सातव्या रकान्यात
ब्रीडचं आपसूक झालं: जात.

जुन्या गोव्यातल्या आमच्या खोलीला
खिडकी एक, प्रयोगशाळा पाच.
कोणी रक्त पाठवतं, कोणी कानाचा तुकडा,
कोणी नुसतीच पावती.
माझा संबंध डुकरांशी कमी, कुरियरवाल्याशी जास्त.
काणकोण तालुका तीन स्पेलिंगांनी आला
आणि यंत्राने त्याचे तीन कळप केले,
एकमेकांपासून, म्हणे, बाराशे वर्षं दूर.
ती बाराशे वर्षं मी एका दुपारी
एक सी खोडून, एक के खोडून मिटवली.
मग चहा घेतला.

खोलच्या उतारावर, मिरचीच्या वाफ्यांपलीकडे
आपोलिना बार्रेटोंची डुकरीण
माडाच्या मुळाशी कूस टेकून पडली होती.
सोयरू वेळीपने मागचे पाय धरले, मी चिमटा लावला,
गुंजेएवढा कान अल्कोहोलात.
ती अशी किंचाळली
की पाव घेऊन आलेला पोदेर सायकलवरून उतरला.

नमुना एकतीस. मादी. वय?
"फेस्ताक दोन वर्सां."
जात?

आपोलिनाबाईंनी हात पदराविना झग्याला पुसले.
"कोणाची? तिची, काय म्हजी?"

सोयरूने माडाचे नारळ मोजायला घेतले.
मी म्हणालो, तिची, तिचीच;
आणि तिथे नियमाने लिहायचं असतं: अवर्णित.
म्हणजे?
म्हणजे हिचं वर्णन अजून कुठे झालेलं नाही.

"जावंक ना?"
बाई बसल्याच मग, उलट्या बादलीवर.

काळी, पण तव्यासारखी नव्हे,
भिजल्या जांभ्यावर शेवाळ वाळतं तशी.
पाठीवर केसांची एक ओळ, रागावली की उभी.
पाद्रीच्या मोटारसायकलला भिते, चवथीच्या फटाक्यांना नाही.
सुरण दीड हात खाली असला तरी नाकाला कळतो.
नारळ सुटायच्या आधी जागा बदलते, कशी ते देव जाणे.
हिची पणजी सासूने आगोंदहून आणली, गोणत्यात, चालत;
वाटेत नदीला पाणी होतं तेव्हा डोक्यावर.
मध्ये सरकारने एक पांढरं, गुलाबी दिलं होतं,
ते उन्हाने पाठीवर सोललं, तीन महिन्यांत गेलं.
ही फणसाच्या चारांवर उभी राहिली.
आठ पिल्लं घालते, नववं मेलेलं येतं,
त्याला पानं ओढते अंगावर.

पाऊण तास.
रकाना दोन बोटांचा.
मी कागद उलटला आणि मागे लिहीत गेलो,
सोयरू मधूनमधून दुरुस्त करत होता.
बर्फाची पेटी तेवढ्यात पाझरायला लागली.

मे महिन्यात बाईंच्या भाचीचं लग्न झालं कुंकळ्ळीला.
नमुना एकतीस आता
उणे ऐंशीवर एका नळीत आहे, आणि
लग्नाच्या जेवणात होता, व्हिनेगरमध्ये,
दोन्ही ठिकाणी एकोणीस जोड्या, शाबूत.
वीज गेली की मी जनरेटरकडे धावतो
तेव्हा नेमकं कोणाला वाचवायला धावतो
हे विचारणारा रकाना नाही.

पावसाळ्यात त्यांचा फोन आला.
"तिची जात कळ्ळी?"
म्हणालो, पाच जागी तपासणं चालू आहे,
चौघांचं जमतंय, पाचवा अडलाय.
पलीकडे कोणीतरी पिल्लांना हाकत होतं,
त्या आवाजातूनच त्या हसल्या:
"आनी म्हजी?"

मीही हसलो, जरा उशिरा.
मग गुवाहाटीला पत्र टाकलं,
प्रत कर्नाल, प्रत इतर तिघांना:
नमुना एकतीस, रकाना सातवा.
कृपया कागदाची मागची बाजूही
स्कॅन करावी.